नाखव्याची पहिली पाटी

बोंबील म्हणजे नुसतं पाणी. होडीतून उतरला की ऊन तापायच्या आत तो वलांडीवर चढला पाहिजे, नाहीतर त्याचा चिखल होतो आणि चिखलाला गिऱ्हाईक नाही. हे खारदांड्यातल्या रांगत्या पोरालाही कळतं. शेवंती तर रांगती नव्हती. नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, दणकट हाडापेराची पोर होती आणि सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी आईबरोबर किनाऱ्यावर उभी राहत होती. बांबू रोवलेले, बांबूंना आडव्या दोऱ्या, ही वलांडी. दोन बोंबील उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एकदा अडकले की सुकेपर्यंत सुटका नाही. बोंबलाचे दात बारीक, पण भारी खोडकर. एक ओळ संपेस्तोवर बोटांची टोकं सोलवटून खाऱ्या पाण्यानं चुरचुरायला लागायची.

"बोटांकडं काय बगतंस? बोंबलाकडं बग," मथुरा म्हणाली.

"बोंबील कुठे पळतोय, आये?"

"ऊन पलतंय."

मथुरा म्हणजे शेवंतीची आई. ठेंगणी, रुंद खांद्यांची, लुगड्याचा कासोटा गुडघ्याच्या वर घट्ट मारलेला. तिचे हात असे चालत की वाटे बोंबीलच आपणहून उड्या मारून दोरीवर बसताहेत. शेजारच्या ओळीवर पुतळाबाई होती. दांड्याच्या बायकांत तिचा शब्द म्हणजे भरती. आला की सगळ्यांना उचलून नेणार. या पुतळाबाईचा आणि मथुरेचा अबोला होता. मथुरेची सासू वारली त्या वर्षी मथुरेनं आपला एक कुजका बांबू बदलला, नवा बांबू वीतभर पुतळाबाईच्या अंगाला सरकला, तेव्हापासूनचा. पण अबोला सांभाळून बोलायची कला पुतळाबाईनं चांगली कमावली होती. ती शेवंतीशी बोलायची.

"शेवंते, सांग तुज्या आयेला. कपबशी लवकर फुटते म्हनावं."

"शेवंते, तू पन सांग," मथुरा मान न वळवता म्हणाली, "फलीवरची फुटते. मतपत्रिकेवरची नाय फुटत."

"दोघींच्या मध्ये फक्त एक दोरी आहे," शेवंती म्हणाली. "मी कशाला पोस्टमन?"

"सांगतंस का नाय?" दोघी एकदम म्हणाल्या.

कपबशी ही मथुरेची निशाणी. पंच्याऐंशी सालची महापालिकेची निवडणूक लागली होती आणि चौथी शिकलेली, मासळी विकणारी मथुरा त्या निवडणुकीला उभी होती.

झालं होतं असं. वलांड्यांची जागा सरकारदरबारी कोणाची ते दांड्यात कोणालाच धड ठाऊक नव्हतं, पण रीतीनं ती बायकांची. सासूच्या ओळी सुनेकडं जायच्या, सुनेच्या तिच्या सुनेकडं. शिमगा झाला आणि पालिकेची माणसं टेप आणि चुना घेऊन आली. इथं बाग होणार, बाकडी येणार, बिल्डिंगवाल्यांना संध्याकाळी फिरायला फरशी बसणार. वलांड्या न्यायच्या नाल्यापलीकडं. नाल्यापलीकडं म्हणजे जिथं अख्खी वस्ती सकाळी डबे घेऊन जाते तिथं. त्या माणसांबरोबर रामनाथ होता. रामनाथ नाखवा होता, म्हणजे होड्यांचा मालक. वाईट माणूस म्हणता येणार नाही. कोणाकडं मयत झालं तर खांदा द्यायला पहिला. पण आता त्याला नगरसेवक व्हायचं होतं आणि त्यासाठी बिल्डिंगवाल्यांची मतं हवी होती.

बायकांनी आरडाओरडा केला. ओरडण्यात दांड्याच्या बायकांना कोण हरवणार? पण ओरडण्यानं चुना थांबत नाही. मथुरा मात्र ओरडली नाही. ती सरळ जाऊन रेघ यायची होती तिथं मांडी घालून बसली. चुनेवाल्यानं तिला हात जोडले, दटावलं, शेवटी कंटाळून रेघ तिच्या भोवतीनं वळवून नेली. तो चुन्याचा वळसा बघून बायका पोट धरधरून हसल्या, आणि हसता हसताच ठरलं की रामनाथ उभा राहतोय तर आपल्याकडून मथुरेनं उभं राहायचं. बायका म्हणजे निम्म्या. उरलेल्या निम्म्या पुतळाबाईच्या मागं होत्या, आणि पुतळाबाई पडली रामनाथची सख्खी काकी. बाग तिलाही नको होती, पण रामनाथनं तिच्या गळ्याशपथ सांगितलं होतं की काकीच्या ओळींना कोणी हात लावणार नाही.

अर्ज भरला त्याच्या दुसऱ्याच सकाळी लहू, शेवंतीचा बाप, समुद्रावर जायच्या वेळी डबा हातात घेऊन परत आला. रामनाथच्याच होडीवर तो खलाशी होता. लग्नाच्या आधीपासून.

"काय झालं?" मथुरेनं विचारलं.

"नाखवा म्हनला, आज मानसं पुरी हायेत."

"आनि उद्या?"

"उद्या पन पुरी हायेत म्हनला." लहूनं डबा खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. त्याच्या हातांना या वेळी जाळं ओढायची सवय. रिकामे राहिले की ते काय करावं न कळून मांडीवर उताणे पडायचे.

शेवंतीच्या डोक्यात सणक गेली. "बाबा, तुम्ही काय बोललात?"

"काय बोलनार? होडी त्याची."

मथुरेनं डबा उचलून कोनाड्यात ठेवला. मग तिनं कोपऱ्यातली जास्तीची टोपली काढून नवऱ्यापुढं ठेवली. "बरं झालं. मना हात कमी पडतच होते. चला वलांडीवर."

"मी? बोंबील टांगू?"

"दर्यातून काढता ते चालतं. दोरीवर घालाला लाज वाटते?"

दांड्यात पुरुष वलांडीवर उभा राहत नाही. लहू उभा राहिला तर पोरंटोरं बघायला जमली. त्याच्या मोठमोठ्या बोटांत बोंबलाचे जबडे काही केल्या बसेनात. टांगलेल्या जोड्या धपाधप वाळूत पडू लागल्या. पुतळाबाईनं तंबाखू मळता मळता बघितलं.

"शेवंते, तुज्या बापाला सांग, त्यांचं लगीन लावतोस का काडीमोड करतोस?"

अख्खी रांग हसली. लहूही हसला. मान खाली घालून, कानाच्या पाळ्या लाल करून हसला, पण हलला नाही. दुपारपर्यंत त्याची एक ओळ वाकडीतिकडी का होईना, भरली. शेवंतीला वाटलं, आपला बाप ह्या क्षणी नाखव्यापेक्षा उंच दिसतोय. खरं तर तो फक्त पालथ्या पाटीवर उभा होता, कारण दोरी त्यानं फार वर बांधली होती.

प्रचार असा काही वेगळा करावा लागला नाही. मथुरा रोज बिल्डिंगींमधून पाटी घेऊन फिरतच होती. दार उघडलं की आधी पापलेट, मग कपबशी. शेवंतीनं चिठ्ठ्यांवर कपबशी काढून दिली होती, बशी थोडी परातीएवढी झाली होती एवढंच. बायका चिठ्ठी घ्यायच्या, हसायच्या, म्हणायच्या, "मथुराबाई, तुम्ही निवडून आलात तर आम्हाला मासळी कोण देणार?"

"मीच देनार. भाव तेवडा वाढंल."

मग बिल्डिंगवाल्यांच्या मंडळानं कार्यक्रम ठेवला. नाव 'उमेदवारांचा परिचय'. बोलावणं मृणालिनीबाईंनी केलं. त्या मंडळाच्या चिटणीस आणि मथुरेचं पक्कं गिऱ्हाईक. शेवंती हरखून गेली. तिनं आईसाठी पानभर भाषण लिहिलं, 'सन्माननीय व्यासपीठ' पासून सुरू होणारं, आणि पाठ होईस्तोवर आईची पाठ सोडली नाही. मथुरा बोंबील टांगताना म्हणायची, भात वाढताना म्हणायची. त्या दिवशी ती शिकेकाईनं न्हाली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, अंबाड्यावर अबोलीची वेणी, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं. शेवंतीला आईकडं बघून छाती फुटेल असं वाटलं.

दारावरच्या वॉचमननं बघितलं आणि सवयीनं हात केला. "मच्छीवाली पीछे से."

"उमेदवार आहे ती," शेवंती म्हणाली. "पाटी दिसते का डोक्यावर?"

वॉचमन गोंधळला. तोवर मथुरा मागच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढूनही गेली होती.

"आये, पुढनं ये ना."

"ह्या जिन्यावर माजे पाय आपसूक चालतात. तो जिना कुठं लागतो मना काय ठावं?"

हॉलमध्ये पंखे गरगरत होते. पुढं तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर चंद्रप्रकाश वकील, बिल्डिंगवाल्यांचे उमेदवार. दुसरीवर पांढराशुभ्र सफारी घातलेला रामनाथ. तिसरी खुर्ची कोणीतरी खिडकीजवळ सरकवून ठेवली होती. का सरकवली ते शेवंतीला लगेच कळलं आणि तिचे कान तापले. मथुरेनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि जाऊन वाऱ्याला ऐसपैस बसली.

मृणालिनीबाई एकेकाला तेच प्रश्न विचारत होत्या. शिक्षण काय, व्यवसाय काय, मूळ गाव कोणतं, उभे का राहिलात. वकिलांनी पदव्या सांगितल्या, मूळ गाव राजापुराकडचं सांगितलं, आणि बागेबद्दल इतकं बोलले की शेवंतीच्या डोळ्यांपुढं गुलाबच फुलले. रामनाथ उठला. "शिक्षण सातवी. धंदा मासळीचा. मूळ गाव विचारता? हेच. सात पिढ्या आम्ही दांड्याचे. ही तुमची बिल्डिंग उभी आहे ना, तिथं माझा आजा जाळी वाळत घालायचा." टाळ्या पडल्या. वकिलांना सुद्धा एक-दोन वाजवाव्या लागल्या.

मग मथुरा.

"शिक्षण?"

"चौथी."

"मूळ गाव?"

"ट्रॉम्बे," मथुरा म्हणाली.

शेवंतीनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. रामनाथची मान कावळ्यासारखी बाजूला वळली. त्यानं तो शब्द टिपून घेतला, हे तिला बसल्या जागेवरून दिसलं.

"आणि उभं राहण्याचं कारण?"

इथं 'सन्माननीय व्यासपीठ' यायचं होतं. मथुरेनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पंख्यांचा आवाज मोठा झाला. पाठीमागं कोणीतरी खुसफुसलं. शेवंती ओठ हलवून पहिली ओळ सांगत होती, पण मथुरा तिच्याकडं बघतच नव्हती.

"मी कोलीन हाय," ती शेवटी म्हणाली. "मासली सुकवते, इकते. आमची जागा राखाला उभी हाय. बस, इतकंच."

ती बसली. टाळ्या वाजल्या, पण सरबतातल्या मिठाएवढ्या.

मागच्या जिन्यानं उतरताना शेवंती तडतडली. "पान पाठ होतं तुला. सगळं. आणि ट्रॉम्बे काय? दांडा म्हणायचं ना."

"मूल गाव इचारलं तिनं. मूल म्हंजे जिथली मी. बाईला इचारलं तू कुटली, तर बाई म्हायेरच सांगनार. खोटं बोलू?"

"खोटं कसलं? माझ्या जन्माच्या आधीपासून तू इथं आहेस."

"म्हून काय म्हायेर पुसलं?" मथुरा दोन पायऱ्या उतरली, मग थांबली. "पान मातर चांगलं लिवलं व्हतंस. मना आवडलं व्हतं ते."

हे ऐकल्यावर शेवंतीला भांडण चालू ठेवता येईना, याचाच तिला राग आला.

मतदान जवळ आलं तशी एका संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात रामनाथनं सभा घेतली. सूर्य अजून पाण्यावर होता. पुढं पुरुष, मागं वाळूत बायका, कडेला लहू. मथुरेनं यायलाच हवं असं नव्हतं, पण गावची सभा, तिला घरी बसवेना. रामनाथनं माइक फुंकला.

"मंडळी, माजा परिचय तुमाला काय द्याचा? माज्या आज्याचा आजा ह्याच बंदरावर वारला. वकील बाहेरचा हाय, ते सगल्यांना ठावं. पन दुसरी उमेदवार कंची? तिनं परवा बिल्डिंगमदी सोताच्या तोंडानं सांगितलं. ट्रॉम्बे. गोवंडीचा कचरा टाकतात ना, त्याच्या पलीकडची. बाहेरची बाई ती. बाहेरच्या बाईच्या हातात दांडा देनार?"

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. लहू ताडकन पुढं निघाला, मथुरेनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. शेवंतीनं आईकडं बघितलं. आईचा चेहरा उन्हात ठेवलेल्या बोंबलासारखा आकसत चालला होता, आणि ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. हॉलमध्ये खुर्ची खिडकीशी सरकवली तेव्हाही तो असा झाला नव्हता.

बायकांतून मात्र टाळी आली नाही. पुतळाबाईचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावर थांबला होता. ती उठली, लुगड्याला मागून लागलेली वाळू झटकली आणि घराकडं चालू लागली. तिच्या मागून एक उठली. मग दुसरी. मग सगळ्याच उठल्या, वाळू झटकत.

"बायांना सैपाकाची घाई झाली," रामनाथ माइकवर म्हणाला आणि हसला. पुरुषही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरा वलांडीवर दोऱ्या ताणून घेत होती. शेवंतीनं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तिला "दोरी धर" एवढंच उत्तर मिळालं. इतक्यात पुतळाबाई आपली ओळ सोडून आली आणि त्या सरकलेल्या बांबूला टेकून उभी राहिली.

"मथुरे."

शेवंतीच्या हातून दोरी सुटली. मथुरेनं वर बघितलं.

"म्हायेर कंचा तुजा?"

"काल आयकलंत ना माइकवर."

"तुज्या तोंडानं सांग."

"ट्रॉम्बे."

"माजा वेसावा," पुतळाबाई म्हणाली. "लगीन होऊन आले तवा होडीतनं उतरताना माजा पाय चिकलात रुतला. सासू म्हनली, पोरीला गावानं धरली, आता सोडत नाय. तिची सासू गोराईची. आता माजं केस पांढरं झालं, आनि ज्याचं नाक मी पुसलं तो पोर मना सांगतो बाहेरची."

"तुमाला नाय म्हनला. मना म्हनला."

"तुना म्हनला ते मना लागत नाय असं वाटलं तुना?"

मथुरेनं पायाशी असलेली टोपली उलटी करून पुतळाबाईला बसायला सरकवली. पुतळाबाई बसली. त्या ओळीपासून या ओळीपर्यंत बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, मी मढची. कोणी म्हणालं, मी मनोरीची. माहीम, वरळी, उत्तन, नावं येत राहिली. शेवंती ऐकत होती. इतक्या वर्षांत हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. या सगळ्या वलांड्यांत दांड्यात जन्मलेली बाई औषधाला नव्हती. दांड्याच्या पोरी लग्न होऊन कुठं कुठं गेल्या होत्या. ओळी सांभाळत होत्या त्या सगळ्या आलेल्या.

कोवळं ऊन पडलं तेव्हा रामनाथची मोठी होडी लागली. तुडुंब भरली होती. बोंबलाचा असा भर त्या महिन्यात आला नव्हता. खलाशांनी पाट्या भरून ओल्या वाळूत मांडल्या.

दांड्याची रीत अशी की होडी लागली की पहिली पाटी नाखवा स्वतःच्या हातानं उचलतो आणि एखाद्या बाईच्या डोक्यावर ठेवतो. ती पाटी चढली की मग बाकीच्या बायका पुढं होतात. त्याआधी कोणी मासळीला बोट लावत नाही. रामनाथची पहिली पाटी वर्षानुवर्षं पुतळाबाईच्या डोक्यावर जात आली होती. त्यानं पाटी उचलली आणि काकीपुढं उभा राहिला.

पुतळाबाईनं कमरेची चुंबळ काढली नाही. डोक्यावर पाटीखाली ठेवायची ती कापडाची चुंबळ तिथंच खोचलेली राहिली.

"काकी, डोकं कर."

"मी कशी करू? मी वेसाव्याची. गावची मासली गावच्या बाईनं उचलावी."

रामनाथ हसला. मग काकी हसत नाही हे बघून थांबला. पाटीतलं पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. तो दुसरीकडं वळला. ती म्हणाली, मी मनोरीची. तिसरी म्हणाली, माहीमची. बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या, सिनेमाला बसतात तशा. शेवटी रामनाथला आपली बायको दिसली. रत्नप्रभा मागं उभी होती, पदर तोंडात धरून.

"रत्ना, ये इकडं. घे."

"अवो, मी मढची ना," रत्नप्रभा म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "काल तुमीच बोलला."

खलाशांपैकी कोणीतरी खोकल्याच्या निमित्तानं हसला. ऊन चढत होतं. वरच्या थरातले बोंबील सैल पडायला लागले होते, कावळे जवळ जवळ उतरत होते. रामनाथच्या मानेवर घाम आला. मग त्याची नजर शेवंतीवर पडली आणि त्याचा चेहरा उजळला.

"ए पोरी. तू तर दांड्याची. हितंच जल्मलीस. चल, घे पाटी."

सगळ्या बायका शेवंतीकडं वळल्या. मथुराही. पण ती काही खूण करेना, नाही म्हणेना की हो म्हणेना. आई काय करायचं ते सांगत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, आणि तो वर्गात कविता म्हणायचा आवाज नव्हता, वलांडीवरचा होता.

"नाखवा, मी इथं जन्मले खरी. पण ह्या एवढ्या दोऱ्यांत माझी एक पण दोरी नाही. मला तुम्हीच वरात काढून लावून द्याल, वरळीला नाहीतर उत्तनला. तिथं जाऊन मी बोंबील टांगीन. उद्या तिथल्या नाखव्यानं मला बाहेरची म्हटलं तर तुम्ही येणार काय भांडायला?"

रामनाथनं पाटीची पकड बदलली. त्याला स्वतःची एक मुलगी होती, लग्नाची.

"मी नाही उचलणार," शेवंती म्हणाली. "उचलली तर तुमचं म्हणणं खरं होईल."

पाणी एकदा येऊन पाट्यांना लागून गेलं. रामनाथ पाटी घेऊन तसाच उभा राहिला, मग जड पावलांनी चालत मथुरेपुढं आला. तिच्या शेजारी लहू उभा होता. नाखव्याच्या हातातला भार बघून त्याचे हात सवयीनं पुढं झाले, ते त्यानं मागं घेतले.

"मथुरे, मासली नासतेय."

"दिसतंय मना."

"मग डोकं कर."

"बाहेरचीच्या डोक्यावर ठेवतोस?"

"चुकलं ते," रामनाथ हळू म्हणाला. "बोलताना जीब घसरली. तू दांड्याची सून हायेस."

"मना काय सांगतोस? मना ठावं हाय मी कोन." मथुरेनं हनुवटीनं मागं दाखवलं. "माइकवर बोललास ना? माइक नाय, तर तोंड हाय. आनि वलांड्यांचं काय ते पन सांग. सगल्यांचं. नुसतं काकीचं नको."

पुतळाबाईनं मान वर केली. तिच्या एकटीच्या ओळी वाचवायचा वायदा मथुरेला माहीत होता, हे तिला आत्ता कळलं.

रामनाथ वळला. हातात पाटी, सफारीऐवजी आखूड चड्डी, पोटावरून बोंबलाचं पाणी गळतंय, अशा थाटात त्यानं सगळ्या बंदराला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं, की बायका दांड्याच्या आहेत, आणि वलांड्या जिथं आहेत तिथंच राहतील, निवडून कोणीही येवो. बोलून झाल्यावर तो मथुरेकडं वळला. मथुरेनं कमरेची चुंबळ काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. रामनाथनं पाटी चढवली. तिची मान जराशी दबली आणि ताठ झाली.

"बगत काय बसल्यात?" ती बायकांना म्हणाली. "मासलीनं काय गुन्हा केलाय?"

टोपल्या सुलट्या झाल्या. त्या सकाळी किनारा असा चालला की विचारू नका. एकेक बाई दोन-दोन खेपा धावत करत होती. वरच्या थरातले थोडे बोंबील गेलेच, ते कावळ्यांना मिळाले. बाकी सगळे उन्हाच्या आधी दोरीवर चढले. लहूच्या जोड्या आता पडत नव्हत्या. पुतळाबाई मथुरेच्या ओळीवरून वाकून सरळ तिच्याशीच बोलत होती आणि शेवंतीचं पोस्टमनचं काम सुटलं होतं. एवढं अखंड बोलत होती की मथुरेला मध्ये शिरायला जागा मिळेना.

नाव मागं घ्यायची मुदत गेलेली होती, त्यामुळं रामनाथ निवडणुकीत राहिला. पण मतदानाच्या दिवशी कोळीवाड्याच्या बायका नटूनथटून, लग्नाला निघाव्यात तशा एकत्र निघाल्या आणि पुढं पुतळाबाई होती. वकिलांनी आणि रामनाथनं बिल्डिंगींची मतं आपसांत फाडून खाल्ली.

मतमोजणीला मथुरा गेली नाही. सकाळीच मासळी उतरली होती. तिच्या वतीनं लहू गेला, शेवंतीनं इस्त्री केलेला सदरा घालून. बायका टांगत होत्या आणि दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत होत्या. फक्त मथुरा बघत नव्हती. शेवंतीनं एका जोडीला तीन बोंबील लावले आणि आईची चापट खाल्ली.

"पडलीस तर, आये?"

"तर उद्या परत रेगेवर बसनार. बसायला मत लागत नाय."

मग रस्त्याच्या वळणावरून ढोल ऐकू आला. पोरं पुढं नाचत होती, आणि मधोमध लहू. डोक्यापासून पायापर्यंत लालेलाल. इस्त्रीचा सदरा ओळखू येत नव्हता, दात तेवढे पांढरे दिसत होते. त्याच्या बाजूला, त्याच्याएवढीच लाल झालेली, मुठी भरून गुलाल उधळत निम्मी वस्ती किनाऱ्याकडं धावत सुटली होती. सगळ्यात मागं रामनाथही होता. त्याच्या कपाळालाही कोणीतरी बोट टेकवलं होतं.

वलांडीवरच्या बायका जागच्या जागी थिजल्या. पुतळाबाईनं मथुरेचा दंड धरला. शेवंतीला रडू का हसू तेच कळेना, तिनं दोन्ही केलं.

मथुरेनं हातातली जोडी दोरीवर टाकली. मग पुढं येऊन दोन्ही हात आडवे पसरले, बोंबलाच्या पाण्यानं चमकणारे, आणि नगरसेविका म्हणून आपला पहिला हुकूम सोडला.

"तिथंच थांबा सगले. गुलाल बोंबलावर पडंल."

ढोल थांबला. मुठीतला गुलाल मुठीत धरून अख्खी मिरवणूक वलांडीच्या कडेला उभी राहिली, आणि मथुरेची ओळ संपेस्तोवर एक पाऊल पुढं आली नाही.